तीन अक्षरी इंग्रजी शब्द व त्यांची कुटुंबे

मराठी माध्यमाच्या शाळांतून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जाऊ लागला त्यास आता दोन तपे उलटून गेली आहेत. शैक्षणिक वर्ष २०००-०१ पूर्वी हा विषय पाचवीत सुरू होत असे. आज सेवेत असलेल्या अनुभवी शिक्षकांपैकी बहुतेकांनी इंग्रजीची मुळाक्षरे पाचवीतच प्रथम गिरविली. जो विषय आपण स्वतः दहाव्या-अकराव्या वर्षी शिकलो, तो सहा वर्षांच्या बालकास कोणत्या रीतीने शिकवावा, असा प्रश्न हदगाव तालुक्यातील शाळाभेटींत शिक्षकबंधुभगिनींनी मला अनेकदा विचारला आहे. त्या प्रश्नाच्या एकाच अंगाचा, म्हणजे शब्दवाचनाच्या प्रारंभाचा, विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

येथे आरंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. या पुस्तिकेत इंग्रजी अक्षरे व शब्द देवनागरीत छापले आहेत ते केवळ शिक्षकांच्या सोयीसाठी होत. वर्गात फळ्यावर ते रोमन लिपीतच लिहावयाचे आहेत.

मूळ दोष कोणता?

काही वर्षांपूर्वी पैनगंगेच्या काठच्या एका लहान शाळेत जाण्याचा योग आला. दुसरीची मुले एका सुरात म्हणत होती, "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, बी ए टी बॅट, बॅट म्हणजे फळी." सूर उत्तम होता, पाठांतरही बिनचूक होते. मी फळ्यावर एम, ए, टी ही तीन अक्षरे लिहिली व शब्द वाचण्यास सांगितले. वर्ग शांत झाला. अखेर एक मुलगा धीर करून म्हणाला, "गुरुजी, हा शब्द आम्हाला अजून दिला नाही."

त्या मुलाचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. त्याच्या दृष्टीने इंग्रजी शब्द हा वाचावयाचा नसून गुरुजींनी द्यावयाचा असतो. जितके शब्द दिले जातील तितकेच त्याला येणार, त्यापुढे एकही नाही. याच मुलास मराठीत 'गवत' हा शब्द कोणी दिला नव्हता. ग, व, त ही अक्षरे ओळखू आल्यावर तो शब्द त्याने आपला आपणच वाचला. मराठीत जे स्वातंत्र्य त्याला मिळाले ते इंग्रजीत मिळाले नाही. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही, शिकविण्याच्या रीतीचा आहे. मी स्वतः शिक्षक असताना कित्येक वर्षे याच रीतीने शिकवीत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

शहरातील मुलास घरी आईवडील, शिकवणी, पुस्तके असा दुसरा आधार असतो. आपल्या गावांतील, वाड्या-तांड्यांवरील मुलास इंग्रजीसाठी शाळेखेरीज दुसरा आधार नाही. चौथीपर्यंत जो मुलगा किंवा जी मुलगी नवा शब्द वाचण्यास शिकत नाही, तिच्या मनात या विषयाची जी भीती बसते ती दहावीच्या परीक्षेपर्यंत तिचा पाठलाग करते. म्हणून हा प्रश्न लहान दिसला तरी लहान नाही.

मराठीतील आपली परिचित रीत

अंकलिपीची पाने आठवावीत. त्यात प्रथम बिनकानामात्रेचे दोन अक्षरी शब्द येतात: घर, नळ, फळ. मग तीन अक्षरी: बदक, कमळ, गवत. त्यानंतर काना, वेलांटी, उकार असे एकेक चिन्ह घेऊन शब्द येतात आणि जोडाक्षरे सर्वांत शेवटी. म्हणजे शब्दांची लांबी ठरलेली, त्यांतील चिन्हे ठरलेली, आणि एका पायरीवर एकच नवी गोष्ट. हीच व्यवस्था इंग्रजीत लावता येते काय? येते, फक्त तीन अडचणी ध्यानात घ्याव्या लागतात.

(१) अक्षराचे नाव व अक्षराचा उच्चार. मराठीत 'म' या अक्षराचे नाव तोच त्याचा उच्चार. इंग्रजीत तसे नाही. 'सी' या नावात क् नाही, 'जी' या नावात ग् नाही, 'एच' मध्ये ह् नाही, 'डब्ल्यू' मध्ये व् नाही. स्वरांत हा घोटाळा अधिकच होतो. 'ए' चा उच्चार लहान शब्दांत ॲ होतो, 'ई' चा ऱ्हस्व ए, 'आय' चा इ, 'ओ' चा ऑ आणि 'यू' चा अ. त्यामुळे मुले 'पेन' लिहिताना मध्ये 'ए' घालतात व 'पिन' लिहिताना 'ई' घालतात. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. मुलाने अक्षराच्या नावावर विश्वास ठेवला, एवढाच तिचा अर्थ. म्हणून नावाबरोबर उच्चारही पहिल्या दिवसापासून द्यावा.

(२) स्वराची स्वतंत्र जागा. मराठीत 'बस' हा शब्द दोन अक्षरी आहे, कारण 'ब' मध्ये अ हा स्वर सामावलेला असतो. इंग्रजीत तोच शब्द तीन अक्षरी होतो: बी, यू, एस. मुले पुष्कळदा केवळ बी व एस लिहून मोकळी होतात. त्यांचे मराठी ज्ञानच येथे आड येते. "मराठीत स्वर व्यंजनाच्या पोटात राहतो, इंग्रजीत त्याला स्वतंत्र खुर्ची लागते," एवढे सांगितले तरी बालकास ते पटते.

(३) परके स्वर. ॲ व ऑ हे उच्चार इंग्रजी शब्दांबरोबर मराठीत रुळले. शासनाच्या २००९ च्या निर्णयाने त्यांना वर्णमालेत स्थान मिळाले. तरीही आपल्या भागात 'ब्याट', 'ब्याग' असे उच्चार सर्रास ऐकू येतात. बंजारा तांड्यांवरील मुलांस तर मराठीदेखील शाळेतच नव्याने शिकावी लागते. अशा मुलांस हसू नये. प्रथम कानाने फरक ओळखता आला की जीभ हळूहळू वळते.

शब्दकुटुंब म्हणजे काय?

ज्या शब्दांची लांबी सारखी व ज्यांतील दोन अक्षरे समान, अशा शब्दांच्या गटास आपण 'शब्दकुटुंब' म्हणू. लिओनार्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये असे प्रतिपादन केले की, वाचनाच्या आरंभी ज्यांचे लेखन व उच्चार यांचा मेळ बसतो असेच शब्द मुलांपुढे ठेवावेत आणि अनियमित शब्द मागाहून आणावेत. क्लॅरेन्स बार्नहार्ट यांच्यासह त्यांनी तयार केलेले पाठ्यपुस्तक त्यांच्या निधनानंतर १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे ब्लूमफील्ड पाणिनीच्या व्याकरणाचे अभ्यासक व चाहते होते. वर्णांची शिस्तशीर मांडणी ही आपल्याकडील जुनीच विद्या आहे, हे यावरून ध्यानात येईल.

इंग्रजीत स्वराक्षरे ५ व व्यंजने २१ आहेत. दोन व्यंजनांमध्ये एक स्वर अशी मांडणी केली तर गणिताने २१ × ५ × २१ = २२०५ जुळण्या होतात. त्यांतील बहुतेक जुळण्यांना काहीच अर्थ नाही आणि अर्थ असलेल्यांपैकी थोड्याच बालकाच्या उपयोगाच्या आहेत. त्यांतून निवडलेली १६ कुटुंबे व ६६ शब्द पुढे दिले आहेत.

'ए' चे शब्द
ए-टी : बॅट, कॅट, हॅट, मॅट, रॅट, फॅट, सॅट
ए-एन : फॅन, पॅन, कॅन, मॅन, व्हॅन, रॅन
ए-पी : कॅप, मॅप, टॅप, गॅप, लॅप
ए-जी : बॅग, टॅग, रॅग

'ई' चे शब्द
ई-एन : पेन, टेन, हेन, मेन
ई-टी : नेट, सेट, जेट, वेट, लेट
ई-डी : रेड, बेड, फेड

'आय' चे शब्द
आय-एन : पिन, टिन, बिन, विन
आय-टी : हिट, फिट, सिट, किट
आय-जी : बिग, पिग, डिग

'ओ' चे शब्द
ओ-टी : पॉट, हॉट, डॉट, कॉट, लॉट
ओ-जी : डॉग, फॉग, लॉग
ओ-एक्स : बॉक्स, फॉक्स

'यू' चे शब्द
यू-एन : रन, सन, गन, फन
यू-टी : नट, कट, हट, बट
यू-जी : मग, जग, बग, रग

या यादीकडे पाहिल्यास एक गोष्ट चटकन लक्षात येईल. बॅट, फॅन, बॅग, कॅप, पेन, नेट, पिन, हिट, फिट, बॉक्स, रन, नट, कट, मग, जग हे शब्द आपल्या खेड्यातील मुलाच्या कानावर रोज पडतात. यादीबाहेरचे बस, कप, टब, गॅस हेही तसेच. क्रिकेटच्या मैदानावर, किराणा दुकानात, पंपाच्या दुरुस्तीत तो ते वापरतोही. तेव्हा अर्थ त्याच्याजवळ आधीच आहे. शिकवावयाचे आहे ते फक्त कानाच्या ओळखीचे डोळ्यांच्या ओळखीत रूपांतर. म्हणून प्रत्येक कुटुंबाची सुरुवात अशा परिचित शब्दाने करावी व त्याच्या आधाराने अपरिचित शब्दाकडे जावे.

'क' या उच्चारासाठी दोन अक्षरे का, असा प्रश्न हुशार मुले विचारतात. लहान शब्दांपुरता पुढील नियम उपयोगी पडतो : पुढे ए, ओ, यू असल्यास बहुधा 'सी' येतो, जसे कॅप, कॉट, कट, पुढे ई किंवा आय असल्यास 'के' येतो, जसे किट, किड.

वर्गातील पाठाचा क्रम

आठवड्यास एक कुटुंब व रोज दहा-पंधरा मिनिटे एवढा वेळ पुरे होतो. द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग एकत्र असले तरी हा पाठ अडत नाही.

पहिली पायरी कानाची. शिक्षकाने "बॅट, मॅट, कॅट, पेन" असे शब्द उच्चारावेत व कोणता शब्द कुटुंबातील नाही ते मुलांनी ओळखावे. या वेळी फळ्यावर काहीही लिहू नये.

दुसरी पायरी डोळ्यांची. फळ्यावर ए व टी ही अक्षरे एकत्र लिहून त्यांचा उच्चार 'ॲट' असा करावा. मग पुढे बी लिहावे. ब् आणि ॲट, मिळून बॅट. बी पुसून एम लिहावे, एम पुसून आर लिहावे. मुलांच्या डोळ्यांदेखत एकच अक्षर बदलते व शब्द बदलतो, हे दृश्य महत्त्वाचे आहे.

तिसरी पायरी हाताची. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापून एका पट्टीवर दोन अक्षरे लिहावीत व दुसरी अरुंद पट्टी तिच्यामागून वरखाली सरकेल अशी बसवावी. तिच्यावर एकाखाली एक व्यंजने लिहावीत. अशी सरकपट्टी बनविण्यास खर्च येत नाही आणि तिसरी-चौथीची मुले ती लहान मुलांसाठी आनंदाने तयार करतात.

चौथी पायरी परीक्षेची, आणि हीच खरी कसोटी होय. आठवड्याच्या शेवटी कुटुंबातील एक असा शब्द विचारावा की जो वर्गात मुळीच शिकविलेला नाही. ए-टी कुटुंबाचे सहा शब्द शिकविले असतील तर सातवा राखून ठेवावा. शिकविलेले सहा शब्द वाचता येणे ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे. सातवा वाचता येणे ही वाचनाची परीक्षा आहे.

मुलांच्या वहीत इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. मुलाचा डोळा सहज सोप्या लिपीकडे जातो व वरचा शब्द न वाचलेलाच राहतो.

शब्दांची शिडी

लुईस कॅरोल या नावाने लिहिणारे ऑक्सफर्डचे गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी १८७७ मध्ये एक शब्दखेळ शोधून काढला व १८७९ पासून तो लंडनच्या एका साप्ताहिकात प्रसिद्ध होऊ लागला. समान लांबीचे दोन शब्द घ्यावयाचे आणि एका वेळी एकच अक्षर बदलत पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचावयाचे, मात्र मधला प्रत्येक शब्दही खरा असला पाहिजे. आपल्या तीन अक्षरी शब्दांना हा खेळ उत्तम लागू पडतो. काही नमुने पाहा :

कॅट – कॉट – डॉट – डॉग
बस – बट – बॅट
बॅग – बग – मग
हेन – पेन – पेट – पॉट
पेन – पॅन – कॅन – कॅप – कप

या खेळाचा शैक्षणिक लाभ मोठा आहे. केवळ कुटुंबांचाच सराव केला तर मुले पहिले अक्षर पाहतात व उरलेला भाग सुरावर म्हणतात. म्हणजे पुन्हा पाठांतरच. शिडीत कधी पहिले, कधी मधले, कधी शेवटचे अक्षर बदलते, त्यामुळे तिन्ही अक्षरांकडे लक्ष द्यावेच लागते. एका स्वराची तीन-चार कुटुंबे पक्की झाल्यावर दुसरा स्वर घ्यावा आणि दोन्ही स्वरांचे शब्द येऊ लागल्यानंतरच शिडीकडे वळावे. पेन व पिन हे शब्द प्रथमच एकाच दिवशी शिकविल्यास दोन्ही कच्चे राहतात.

चार अक्षरांकडे

तीन अक्षरी शब्द सहज वाचता येऊ लागले की चार अक्षरी शब्दांचे दार आपोआप उघडते. शब्दाच्या शेवटी 'ई' आला की तो स्वतः मुका राहतो व मधल्या स्वरास त्याचे नाव उच्चारावयास लावतो. टॅप चा टेप होतो, पिन चा पाइन, टब चा ट्यूब. सायकलची ट्यूब व मोजण्याचा टेप मुलांनी पाहिलेलाच असतो. चार अक्षरांचा दुसरा गट असा की ज्यात उच्चार तीनच, पण शेवटी अक्षरे दोन: बेल व हिल यांत एल दोनदा येतो, मिस मध्ये एस दोनदा येतो, लॉक व डक यांच्या शेवटी सी आणि के दोन्ही येतात. 'दॅट' हा शब्द ए-टी कुटुंबासारखा ऐकू येतो, परंतु त्याच्या आरंभी टी व एच मिळून एकच उच्चार होतो. असे शब्द तीन अक्षरी यादीत मिसळू नयेत.

अपवादांचे काय?

बी-यू-टी बट, तर पी-यू-टी पुट का? या प्रश्नाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांस छळले आहे. शिक्षकाने येथे प्रामाणिकपणे सांगावे की इंग्रजीचे लेखन जुने राहिले व उच्चार कालांतराने बदलत गेले, म्हणून काही शब्द नियमाबाहेर पडले. द, वॉज, सेड, वन, टू, यू हे शब्द अनियमित असूनही प्रत्येक वाक्यात लागतात. एडवर्ड डॉल्श या अमेरिकन प्राध्यापकांनी १९३६ मध्ये वारंवार येणाऱ्या अशा २२० शब्दांची यादी केली होती. त्यांतील काही नियमित आहेत, काही नाहीत. अनियमित शब्द पाहून ओळखावयाचे असतात. आठवड्यास दोन असे शब्द भिंतीवरील तक्त्यावर लावावेत व कुटुंबातील शब्दांपासून वेगळे ठेवावेत. अपवाद आहेत म्हणून नियम टाकून देणे योग्य नव्हे, आणि नियम आहे म्हणून अपवाद लपविणेही योग्य नव्हे.

एक सावधगिरीची सूचना

शब्दयादी हे साधन आहे, साध्य नव्हे. मुलास साठ शब्द वाचता आले पण "माय बॅग", "अ रेड पेन", "द कॅट सॅट ऑन द मॅट" असे बोलता-समजता आले नाही, तर हाती काही लागले नाही. म्हणून कुटुंब शिकवून झाल्यावर त्याच दिवशी त्यांतील दोन शब्दांचे एक लहान वाक्य तयार करावे. तसेच यादी वाढविण्याच्या हव्यासाने मुलाने कधी न पाहिलेल्या वस्तूंची नावे भरू नयेत. थोडे पण जिवंत शब्द असावेत.

शेवटी एक अनुभव सांगून हा लेख पुरा करतो. वरील ओ-टी कुटुंबात 'लॉट' हा शब्द मी मागाहून घातला आहे. तालुक्यातील एका शाळेत ही रीत काही महिने चालू होती. मुलांना पॉट, हॉट, डॉट, कॉट एवढेच शब्द शिकविले होते. शाळाभेटीच्या दिवशी तिसरीतील एक मुलगी बसावयास घरून सोयाबीन बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन आली होती. पिशवीवरील मजकुराकडे बोट दाखवून तिने मला म्हटले, "गुरुजी, इथं लॉट लिहिलंय. लॉट म्हणजे काय?"

हा शब्द तिला कोणी दिला नव्हता. तिने तो वाचला होता व अर्थ विचारीत होती, आणि हाच योग्य क्रम आहे. मी तिला सांगितले की एकाच वेळी तयार झालेल्या बियाण्याच्या साठ्यास लॉट म्हणतात, त्याचा क्रमांक पिशवीवर छापलेला असतो, आणि बियाणे उगवले नाही तर तक्रार करताना तो क्रमांक लागतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या पुष्कळ तक्रारी झाल्या, तेव्हा पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी व पावती जपून ठेवण्याचे महत्त्व शेतकऱ्यांस चांगलेच कळले. मुलीने पिशवीची घडी घातली व ती दप्तरात ठेवली. "बाबांना दाखवते," असे ती म्हणाली.

तीन अक्षरांचा एक शब्द; पण तो शाळेतून घरी गेला व शेतीच्या कामी आला. आपल्या वर्गातील प्रत्येक बालकास असा न दिलेला शब्द वाचता यावा, एवढीच अपेक्षा आहे. या सत्रात शिक्षकबंधुभगिनींनी निदान ए-टी व ए-एन ही दोन कुटुंबे वरील क्रमाने शिकवून पाहावीत, राखून ठेवलेला शब्द किती मुलांनी वाचला याची नोंद ठेवावी, आणि केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत आपले अनुभव मांडावेत, अशी विनंती आहे.